पेशीतला फ्लक्स मोजायचाय? मग आधी ओडी नीट घ्या

नागपुरात बायोकेमिस्ट्री नाहीतर बायोटेक करणारी पोट्टी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. दादा, मेटाबोलोमिक्स (पेशीतल्या छोट्या रेणूंची मोजणी) करून घेतलं, पायरुवेट दुप्पट दिसून राहिलं, म्हणजे ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडून पायरुवेट बनवणारी वाट) वाढलं असं लिहू ना थीसिसमध्ये? नको लिहू बाप्पा. पायरुवेट साठलंय एवढंच त्यातून कळतं. संध्याकाळी व्हेरायटी चौकात गाड्या खच्चून भरलेल्या असतात पण तासाला सिग्नल पार किती होतात ते वेगळंच, उलट जितका जाम जास्त तितकं सरकणं कमी. पेशीतही तसंच, पुढचा एन्झाइम अडला की मागचा पदार्थ साठतो. फ्लक्स म्हणजे तासाला किती पार झाले तो आकडा, आणि त्याचं युनिट आहे मिलीमोल प्रति ग्रॅम कोरडं वजन प्रति तास. हा आकडा कुठल्याही मशीनवर थेट दिसत नाही, तो काढावा लागतो, आणि काढायचा कसा तेच इथे लिहून राहिलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण सगळं त्यावर उभं आहे. लोकांना वाटते कार्बन-१३ चा (साध्या कार्बनपेक्षा जरा जड, म्हणून वेगळा ओळखू येणारा) महागडा ग्लुकोज टाकला, जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) सॅम्पल चढवलं, सॉफ्टवेअरला दिलं की फ्लक्स आला. तसं नसते. लेबल, म्हणजे ती कार्बन-१३ ची खूण, फक्त वाटणी सांगते, म्हणजे शंभरातले किती इकडून गेले आणि किती तिकडून. ते शंभर म्हणजे नेमके किती, हे ठरते साध्या मोजमापांवरून, पेशी किती वेगाने वाढल्या, ग्लुकोज किती खाल्ला, अॅसिटेट किती बाहेर टाकलं. ग्लुकोजच्या अपटेकमध्ये १५ टक्के चूक असेल तर नकाशावरचा प्रत्येक बाण १५ टक्के चुकलेला असणार, मग एमएस कितीही भारी असो. म्हणून तुमच्या वेळेतला मोठा हिस्सा स्पेक्ट्रो, वजनकाटा आणि ग्लुकोजच्या किटवर घालवा. कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे आणि कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये होण्यासारखं आहे.

सुरुवात ई. कोलायवरच करा. के-१२ एमजी१६५५ स्ट्रेन घ्या, मीडियम एम९, आणि कार्बनचा सोर्स एकच, ग्लुकोज. एलबी (नेहमीचं पौष्टिक मीडियम) नको, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट चिमूटभरही नको, कारण त्यातले अमिनो अॅसिड पेशी आयते उचलतात आणि ते बिनलेबलचे असतात, मग तुमचं गणित तिथेच बसलं. एम९ तर सगळ्यांना पाठच असते, लिटरला डायसोडियम फॉस्फेट ६ ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३, मीठ अर्धा, अमोनियम क्लोराइड १, वरून मॅग्नेशियम सल्फेट १-२ मिलीमोलर आणि कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिलीमोलर. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर टाका, एकत्र केले की गढूळ होते आणि तो गढूळपणा ओडीत (स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कल्चर किती गढूळ दिसते तो आकडा, त्यावरून पेशी किती ते कळते) पेशी म्हणून मोजला जातो. ट्रेस मेटल विसरू नका. ग्लुकोज फिल्टर करून, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ११.१ मिलीमोलर.

आता स्टेडी स्टेट. कार्बन-१३ च्या साध्या पद्धतीत दोन गोष्टी धरून चालतो, एक म्हणजे फ्लक्स बदलत नाहीत, दुसरं म्हणजे लेबलही बसून स्थिर झालंय. बॅच कल्चरमध्ये लॉग फेजमध्येच (पेशी एकाच वेगाने दुप्पट होत असतात तेव्हा) हे बऱ्यापैकी खरं असते, म्हणून सॅम्पल लॉग फेजमध्येच घ्यायचं, ग्लुकोज अर्ध्याच्या वर शिल्लक असताना. प्री-कल्चरसुद्धा एम९ मध्येच वाढवा, एलबीमधून थेट उचलून टाकलं तर पेशींना नवीन मीडियमची सवय होईपर्यंत तास दोन तास जातात आणि ते तासही हिशेबात घुसतात. इनॉक्युलम (सुरुवातीला टाकायच्या पेशी) कमी ठेवा. ओडी ०.०१ ला सुरू करून ०.६४ ला काढलं तर सहा डबलिंग होतात, म्हणजे जुन्या बिनलेबल पेशींचा वाटा ६४ मधला १, दीड टक्का. हा दीड टक्का मॉडेलमध्ये टाकता येतो. पण ०.१ ला सुरू करून ०.६ ला काढलं तर सहातला एक हिस्सा जुना माल, आणि मग सॉफ्टवेअर बिचारं त्यालाही फ्लक्स समजून जागा शोधत बसते.

इथपर्यंत कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये मिळेल. नागपुरात पुढचं कोणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये हे काम करणार असाल तर पहिले शेकर बघा. बऱ्याच लॅबमध्ये जो साधा शेकर इन्क्युबेटर असतो त्यात हीटर असतो, कूलिंग नसते. बाहेर ४५ असताना एसी नसलेली खोली दुपारी ४० च्या वर जाते, आणि हीटर बंद असूनही आतलं तापमान ३७ वर थांबत नाही, मोटरची गरमी वेगळीच. डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, फ्लास्कमध्ये पाणी घेऊन त्यात थर्मामीटर बुडवून बघा. कूलिंगवाला शेकर नसेल तर रात्री किंवा पहाटे करा, नाहीतर डिसेंबरपर्यंत थांबा, खरं सांगतो थांबलेलं परवडते.

दुसरं बाष्पीभवन. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की छोट्या फ्लास्कमधलं १० मिली मीडियम आठ तासात लक्षात येण्याएवढं कमी होते. पाणी उडते पण ग्लुकोज तिथेच राहते, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन वाढते, म्हणजे पेशींनी खाल्लं त्यापेक्षा कमी खाल्लं असं दिसते. उपाय सोपा आहे, पेशी न टाकलेला एक फ्लास्क सोबत फिरवा, आधी आणि नंतर वजन करा, जेवढं कमी झालं तेवढी दुरुस्ती सगळ्या रीडिंगला लावा. शेकरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवला तर आणखी बरं. आणि लाईट. शेकर दहा मिनिटं बंद पडला तरी फ्लास्कमधला ऑक्सिजन संपतो, पेशी फर्मेंटेशनकडे वळतात, मीडियममध्ये भलतेच अॅसिड जमा होतात. अशा फ्लास्कचा डेटा वापरायचा नाही, इन्व्हर्टरवर शेकर जोडून घ्या आणि तरी बंद पडलाच तर ओता बेसिनमध्ये (म्हणजे ऑटोक्लेव्ह करूनच ओता).

आता साधी मोजमापं. दर अर्ध्या तासाला ओडी ६०० घ्या. स्पेक्ट्रोवर ०.४ च्या वर गेलं की डायल्यूट करून घ्या, कारण त्याच्यावर सरळ रेषा वाकायला लागते आणि पेशी खऱ्यापेक्षा कमी दिसतात. ओडीचा नॅचरल लॉग वेळेसमोर काढला की जो उतार येतो तो म्यू, ग्रोथ रेट. एम९ ग्लुकोजवर ३७ अंशाला ०.६ ते ०.७ प्रति तास आला तर बरोबर चाललंय. ०.४ आला तर हवा कमी मिळून राहिली किंवा ट्रेस मेटल राहिले, पुढे जाऊ नका.

ओडीचं कोरड्या वजनात रूपांतर करायला लोक पेपरमधला आकडा उचलतात. एका ओडीला लिटरमागे ०.३ ते ०.४ ग्रॅम असं काहीतरी असते खरं, पण हा आकडा स्पेक्ट्रोनुसार बदलतो, तुमच्या स्पेक्ट्रोचा तुम्हीच काढा. १०० मिली साध्या ग्लुकोजचं कल्चर, आधीच वजन केलेला ०.२ मायक्रॉन फिल्टर, पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. दोन-तीन वेगवेगळ्या ओडीला करा. हे एकदा केलं की ते स्पेक्ट्रो आहे तोवर पुरते.

ग्लुकोजसाठी एचपीएलसीच पाहिजे असं काही नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये शुगर बघायला जे जीओडी-पीओडी किट वापरतात तेच चालते, दवा बाजारात सहज मिळते. फक्त स्टँडर्ड कर्व्ह एम९ मध्ये बनवा, पाण्यात नको. सॅम्पल काढलं की लगेच ०.२ मायक्रॉनने फिल्टर करा, पेशी राहिल्या तर ट्यूबमध्येही खात बसतात.

समजा ओडी ०.२ असताना ग्लुकोज १०.२ मिलीमोलर होता आणि ओडी १.० ला ६.५ राहिला. एका ओडीला ०.३५ ग्रॅम धरलं तर पेशी ०.०७ वरून ०.३५ ग्रॅम प्रति लिटर झाल्या, म्हणजे ०.२८ ग्रॅम वाढल्या, आणि त्यासाठी ३.७ मिलीमोल ग्लुकोज गेला. म्यू ०.६५ असेल तर अपटेक रेट म्हणजे ०.६५ गुणिले ३.७ भागिले ०.२८, येतात ८.६ मिलीमोल प्रति ग्रॅम प्रति तास. खऱ्या कामात दोनच पॉइंट घेऊ नका, पाच-सहा घेऊन ग्लुकोज विरुद्ध पेशी अशी रेषा काढा आणि तिचा उतार वापरा. याच पद्धतीने अॅसिटेट, तोही किटने होतो.

आता इथे थांबून कार्बनचा हिशेब जुळवा. ८.६ ला सहाने गुणा, ५१.६ मिलीमोल कार्बन आत गेला. पेशीच्या कोरड्या वजनात साधारण ४८ टक्के कार्बन असतो, ग्रॅममागे ४० मिलीमोल, गुणिले ०.६५, झाले २६. अॅसिटेट समजा ४ निघाला, त्याचे ८. उरले १७.६, ते कार्बन डायऑक्साइड म्हणून गेले असणार, आणि एरोबिक ई. कोलायला हे पटण्यासारखं आहे. पण उरलेला आकडा मायनसमध्ये आला किंवा निम्म्याच्या वर गेला तर समजा कुठेतरी गडबड आहे. लेबलवाला ग्लुकोज विकत घ्यायच्या आधी साध्या ग्लुकोजवर हा हिशेब तीन फ्लास्कमध्ये जुळला पाहिजे. गाईडने कितीही घाई केली तरी ही पायरी गाळू नका, गाईडला हाच कागद दाखवा.

मग ट्रेसर, म्हणजे लेबलवाला ग्लुकोज. पहिले एक शंका मिटवून टाकतो, कार्बन-१३ रेडिओअॅक्टिव्ह नाही, तो स्थिर आहे, निसर्गातल्या कार्बनमध्ये १.१ टक्का तोच असतो, आपल्या अंगातही. परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. कार्बन-१४ ची गोष्ट वेगळी.

ग्लुकोजचे सहा कार्बन, त्यातला कुठला लेबल केलाय त्यावर ट्रेसरचं काम ठरते. फक्त पहिला कार्बन लेबल केलेला, पहिला-दुसरा दोन्ही केलेला, आणि सहाही केलेला म्हणजे यू-कार्बन-१३, हे तीन जास्त चालतात. पहिला-दुसरावाला ग्लायकोलिसिस आणि पेंटोज फॉस्फेट (ग्लुकोज तोडायची दुसरी वाट) यांची वाटणी फार छान दाखवतो पण खिसा कापतो. शिकायला पहिला कार्बनवाला घ्या, किंवा ८० टक्के तो आणि २० टक्के यू असं जुनं प्रसिद्ध मिश्रण, त्यात टीसीएचंही (पायरुवेटच्या पुढचं सायट्रिक अॅसिडचं चक्र) बरं कळते. निव्वळ यू एकटा घेण्यात अर्थ नाही, सगळंच लेबल असेल तर कुठून आलं ते कसं कळणार.

किती लागेल? १० मिलीचा फ्लास्क, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २० मिलीग्रॅम. तीन रेप्लिकेट आणि शेवटचा प्री-कल्चरही लेबलमध्येच, सगळं मिळून १०० मिलीग्रॅममध्ये भागते. मोठा फ्लास्क लावायची हौस इथे नको. हा माल बाहेरून येतो, पर्चेसच्या फाईलला आणि कस्टमला किती दिवस लागतील याचा काही नेम नाही, तेव्हा ऑर्डर आधी टाका आणि तोवर वरचा हिशेब जुळवत बसा.

आता यातली खरी गंमत, अॅलॅनिन. अॅलॅनिन हे अमिनो अॅसिड पायरुवेटपासून बनते, एका पायरीत, तोच कार्बनचा सांगाडा घेऊन. म्हणून अॅलॅनिन बघितलं की पायरुवेट बघितल्यासारखंच. पहिला कार्बन लेबल असलेला ग्लुकोज ग्लायकोलिसिसमधून गेला तर त्याचे दोन पायरुवेट होतात, एकाच्या तिसऱ्या कार्बनवर लेबल, दुसरं कोरं. म्हणजे ५० टक्के लेबल. पेंटोज फॉस्फेटने गेला तर तोच पहिला कार्बन ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेजपाशी कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, आणि तीन ग्लुकोजचे पाच पायरुवेट होतात, पाचही कोरे. एन्टनर-डूडोरॉफने (ही तिसरी वाट) गेला तर पुन्हा दोन पायरुवेट, एक लेबलवालं एक कोरं, पण लेबल आता पहिल्या कार्बनवर, कार्बोक्सिलवर.

तर अॅलॅनिनमध्ये लेबल ५० ऐवजी ३७ टक्के सापडलं, आणि एन्टनर-डूडोरॉफ नाही असं धरलं, तर पेंटोज फॉस्फेटने किती गेलं? त्या वाटेने गेलेला हिस्सा एक्स धरा. लेबलवाले पायरुवेट एक वजा एक्स, एकूण पायरुवेट दोनदा एक वजा एक्स अधिक एक्सचे पाच तृतीयांश. ०.३७ बरोबर मांडून सोडवलं की एक्स येतो ०.३० च्या आसपास. म्हणजे १०० मधले ३० ग्लुकोज पेंटोज फॉस्फेटने, आणि अपटेक ८.६ होता म्हणून २.६ मिलीमोल प्रति ग्रॅम प्रति तास. वाटणी एमएसने दिली, ८.६ मात्र स्पेक्ट्रो आणि शुगरच्या किटने. हे ढोबळ आहे, ट्रान्सकेटोलेजची उलटसुलट ये-जा, पेशी बनवायला मधूनच काढलेला माल हे सगळं सोडून दिलंय, पण सॉफ्टवेअर ०.३० च्या जागी ०.७ सांगत असेल तर तुम्हाला लगेच खटकलं पाहिजे, आणि ते खटकायला हे हाताने करून बघावं लागते.

लेबल पहिल्या कार्बनवर की तिसऱ्या, हे कसं ओळखायचं? एमएस अॅलॅनिन दोन तुकड्यांत दाखवते. एम बाय झेड (वस्तुमान भागिले विद्युतभार) २६० च्या तुकड्यात तिन्ही कार्बन असतात, २३२ च्या तुकड्यात पहिला कार्बन तुटून गेलेला असतो. २६० मध्ये लेबल आहे आणि २३२ मध्येही तितकंच आहे म्हणजे ग्लायकोलिसिस. २६० मध्ये आहे पण २३२ मध्ये गायब म्हणजे एन्टनर-डूडोरॉफ. ग्लुकोजवरच्या साध्या ई. कोलायमध्ये ही वाट जवळपास रिकामीच असते, पण इथे प्रदूषण, सांडपाणी, बायोरेमेडिएशनवर काम करणारे बरेच आहेत आणि त्यांचा लाडका बग स्युडोमोनास पुटिडा, त्याच्याकडे फॉस्फोफ्रुक्टोकायनेजच नाही, त्याचा ग्लुकोज मुख्यतः एन्टनर-डूडोरॉफनेच जातो. त्यांनी २३२ कडे जरा जास्त लक्ष द्यावं.

सॅम्पल तयार करायचं. पेशींच्या आतले मोकळे मेटाबोलाइट मोजायचे तर सेकंदात सगळं थांबवावं लागते, थंडगार मिथेनॉल वगैरे, आणि त्यातही ई. कोलाय गळते. आपल्याला ती कटकट नको, म्हणूनच प्रोटीनमध्ये बसलेले अमिनो अॅसिड वापरायचे, ते कुठे पळून जात नाहीत. ओडी १ च्या आसपास २-३ मिली कल्चर सेंट्रिफ्यूज करा, सलाइनने दोनदा धुवा, पेलेट मायनस २० ला ठेवला तरी चालतो. मग ६ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड, घट्ट झाकणाची काचेची व्हायल, ११० अंश, रात्रभर. झाकण सैल असेल तर सकाळी कोरडी जळकी व्हायल मिळते आणि ओव्हनला गंज. यात ट्रिप्टोफॅन आणि सिस्टीन मरतात, अॅस्परॅजिनचं अॅस्पार्टेट आणि ग्लुटामिनचं ग्लुटामेट होते, त्याला इलाज नाही, हिशेबात धरा.

अॅसिड नायट्रोजनखाली उडवा आणि हाडासारखं कोरडं करा. मग ५० मायक्रोलिटर पिरिडीन आणि तेवढंच किंवा थोडं जास्त एमटीबीएसटीएफए (अमिनो अॅसिडला सिलिकॉनचा गट चिकटवून जीसीत उडण्याजोगं करणारं रिएजंट, यालाच डेरिव्हेटायझेशन म्हणतात), ७० अंशाला पाऊण ते एक तास. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, पिरिडीनचा वास एकदा खोलीत बसला की अख्खा मजला शिव्या देतो, आणि वासापेक्षा तब्येतीला वाईट. हे रिएजंट पाण्याचं वैरी आहे. जरा ओल लागली की ते पाण्याशीच रिअॅक्ट होऊन संपते आणि अमिनो अॅसिड तसेच राहून जातात, पीक दिसतच नाहीत. गंमत अशी की जो कोरडा मे महिना कल्चरच्या मुळावर येतो तोच या पायरीला चांगला, आणि जुलै-ऑगस्ट त्रासदायक. पण उन्हाळ्यातही खोलीत पाण्याचा कूलर भरभरून चालू असेल तर तो फायदा गेला. बाटली उघडायच्या आधी कूलर बंद करा, फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा, नाहीतर आत दव धरते.

जीसी-एमएस स्वतःची नसेल तर सॅम्पल बाहेर रन करून घ्यावे लागतील, तेव्हा ऑपरेटरला स्पष्ट सांगा की मला नुसती लायब्ररी मॅच आणि एरिया टक्के नकोत, मला रॉ फाईल पाहिजे. नाहीतर रंगीत पीडीएफ हातात देतात, त्यात अॅलॅनिन ९८ टक्के मॅच असं लिहिलेलं, आणि आपल्याला हवे असतात २६०, २६१, २६२, २६३ चे वेगवेगळे आकडे. डिटेक्टर सॅच्युरेट झाला तर सगळ्यात मोठा पीक कापला जातो आणि लेबल आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून तेच सॅम्पल दोन वेगळ्या स्प्लिटने (सॅम्पलचा किती हिस्सा मशीनमध्ये सोडायचा ते) चढवा, पीकांचं आपसातलं प्रमाण बदललं तर सॅच्युरेशन.

आणि बिनलेबलचं सॅम्पल सोबत पाहिजेच पाहिजे. कारण लेबल न टाकताही २६१ चा पीक येतो, कार्बनमध्ये नैसर्गिक १.१ टक्का कार्बन-१३ आणि डेरिव्हेटायझेशनने चिकटवलेल्या सिलिकॉनमध्ये पावणेपाच टक्के सिलिकॉन-२९ आणि तीन टक्के सिलिकॉन-३०. साध्या अॅलॅनिनच्या २६० तुकड्याला एम+० (म्हणजे २६० चा पीक) साधारण ७५ टक्के आणि एम+१ (२६१ चा) साधारण १७ टक्के यायला पाहिजे. तुमच्या मशीनवर ७५ च्या जागी ७० आले तर त्या तुकड्याखाली दुसरंच काहीतरी येऊन राहिलं, तो तुकडा वगळा. प्रत्येक अमिनो अॅसिडच्या प्रत्येक तुकड्याची अशी परीक्षा घ्या, एका टक्क्यापेक्षा जास्त फरक असलेले बाहेर. नैसर्गिक आयसोटोपची वजाबाकी आयसोकॉरसारखं फुकट सॉफ्टवेअर करते. पण एक बघा, काही फ्लक्स सॉफ्टवेअर ही दुरुस्ती स्वतःच करतात, त्यांना आधीच दुरुस्त केलेला डेटा दिला की दोनदा वजाबाकी होते.

सॉफ्टवेअरमध्ये इन्का बरेच जण वापरतात, अकॅडमिक लोकांना फुकट आहे पण मॅटलॅब लागते. पायथनवाल्यांना एमएफएपाय आहे. शिवाय जर्मनीतल्या युलिखवाल्यांचं १३सीफ्लक्स२. बरीचशी सॉफ्टवेअर आतून इएमयू पद्धत वापरतात, अॅन्टोनिविझ, केलेहर आणि स्टेफानोपूलस यांनी २००७ मध्ये मांडलेली, तिच्यामुळे आधी प्रचंड असलेली समीकरणांची रास इतकी कमी झाली की साध्या लॅपटॉपवर काम होते.

तुम्ही द्यायचं काय, तर रिअॅक्शनची यादी आणि प्रत्येकीत कुठला कार्बन कुठे जातो त्याचा नकाशा. हा नकाशा घाईत बनवू नका. सक्सिनेट आणि फ्युमरेट दोन्ही बाजूंनी सारखे असतात, ते उलटे-सुलटे दोन्ही प्रकारे लिहावे लागतात. बाहेरच्या हवेतला बिनलेबल कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पीईपी कार्बोक्सिलेज या एन्झाइममार्फत ऑक्झॅलोअॅसिटेटमध्ये बसतो, त्याचीही रिअॅक्शन टाका, नाहीतर अॅस्पार्टेट कधीच जुळणार नाही. पेशी बनवायला लागणारा माल, म्हणजे बायोमासची रिअॅक्शन, तिच्यातून म्यू येतो, तीही हवीच.

मग रन करा, पण एकदा नाही, निदान पन्नासेक वेगवेगळ्या सुरुवातींपासून, कारण हे गणित मध्येच एखाद्या खड्ड्यात बसून तेच उत्तर म्हणून सांगते. जुळणी चांगली झाली का ते काय-स्क्वेअरने बघायचं. मोजमापं ६० आणि मोकळे फ्लक्स १५ असतील तर डिग्री ऑफ फ्रीडम ४५, आणि उरलेल्या फरकांच्या वर्गांची (प्रत्येक फरक त्या मोजमापाच्या एररने भागून) बेरीज २८.४ ते ६५.४ मध्ये यायला पाहिजे. २०० आली तर मॉडेलमध्ये रिअॅक्शन राहिली किंवा एखादा तुकडा खराब आहे, कुठला तुकडा सगळ्यात जास्त भांडतो ते बघा. ५ आली तर खूश होऊ नका, तुम्ही मोजमापातला एरर उगाच मोठा धरला.

यानंतर बरेच जण नकाशा काढून मोकळे होतात. कॉन्फिडन्स इंटर्व्हलशिवाय फ्लक्सचा आकडा लिहू नका. ग्लायकोलिसिस ७.१, मर्यादा ६.८ ते ७.४, हे कामाचं. मॅलिक एन्झाइम ०.५, मर्यादा ० ते २.१, हे म्हणजे काहीच माहीत नाही, आणि तसंच लिहायचं. पुढे-मागे दोन्हीकडे चालणाऱ्या रिअॅक्शनच्या ये-जा वेगाची मर्यादा तर बऱ्याचदा शून्यापासून आभाळापर्यंत असते, त्यावर डिस्कशनचे दोन पॅराग्राफ लिहू नये.

ज्यांच्याकडे सध्या लॅबही नाही न पैसाही नाही त्यांनी घरबसल्या कोब्रापाय (पायथनचं पॅकेज) टाकून ई. कोलायचं कोअर मॉडेल उघडावं, ९५ रिअॅक्शनचं छोटंसं आहे. ग्लुकोज १० वर ठेवून वाढ जास्तीत जास्त कर म्हटलं की ०.८७४ प्रति तास येते, ऑक्सिजन शून्य केला की ०.२१२. हे एफबीए (फ्लक्स बॅलन्स अॅनॅलिसिस), यात काही मोजलेलं नसते, पेशीला वाढायचंच आहे असं धरून काढलेला अंदाज असतो, खरी पेशी बऱ्याचदा इतकी शहाणी वागत नाही. पण नेटवर्कची ओळख व्हायला उत्तम. फक्त एफबीएचा आकडा मोजलेला फ्लक्स म्हणून थीसिसमध्ये खपवू नका, व्हायव्हाला कोणीतरी विचारतोच.

मग कोणीतरी म्हणते, आम्हाला संत्र्याच्या पानावर करायचंय, आपल्याकडचंच पीक आहे ना. करा, पण वरची पद्धत तिथे चालत नाही. पान कार्बन डायऑक्साइड घेते, त्यात एकच कार्बन, आणि लेबलवाला गॅस बराच वेळ दिला की सगळ्या साखरा सगळ्या जागी सारख्याच लेबल होतात, वाटणी सांगणारं काही उरत नाही. तिथे स्टेडी स्टेटची वाट बघायची नसते, लेबल चढत असतानाच सेकंद-मिनिटांच्या अंतराने पानं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची आणि आतले मोकळे मेटाबोलाइटच मोजायचे. याला इन्स्टेशनरी पद्धत म्हणतात, इन्का ती करते, पण एलसी-एमएस, बंद गॅस चेंबर आणि द्रव नायट्रोजनचा कॅन हे तिन्ही जुळले तरच त्याच्या नादी लागा.